चेरीचा डाग

ऑर्विल : राग मानू नका बाई, पण तुमच्या चेंडूवरची ही सही बेसबॉलवाल्या अर्ल पिंचाकची नाही. सह्यांचे चेंडू विकण्यात माझा जन्म गेलाय.

डोरीन : कशावरून?

ऑर्विल : माझ्या मागे भिंतीवर बघा. त्याने सही केलेले सात चेंडू, सगळे त्याच्या घरून टपालाने आलेले. त्यांच्यावरचा ‘पी’ कसा ऐटीत उभा आहे! तुमचा लंगडतोय. पुढची अक्षरं तर एकमेकांच्या अंगावर पडलीत.

डोरीन : मला विकायचा नाहीये.

ऑर्विल : इथे येणारा प्रत्येक जण आधी हेच म्हणतो. मग हळूच विचारतो, किती येतील?

डोरीन : मला एवढंच कळायला हवंय, हे त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं, की कुणाकडून लिहून घेतलं?

ऑर्विल : तुम्हाला दिला कुणी?

डोरीन : त्यांनीच. माझ्या लग्नात.

ऑर्विल : अरे वा! एवढा मोठा पिंचाक तुमच्या लग्नाला! जेवूनही गेला असेल?

डोरीन : केक कापायच्या आतच गेले.

ऑर्विल : हं. हे बघा, संघाचे बूट पुसायला एक म्हातारा असायचा. खेळाडू कंटाळले की तोच त्यांच्या नावाने सह्या ठोकायचा.

डोरीन : इतकी वर्षं तीच शंका मला खातेय.

ऑर्विल : पण त्याच्या सह्या मी चिक्कार पाहिल्यात. हे त्याचंही काम नाही. कुणीतरी तिसराच अडाणी दिसतो.

डोरीन : आणि भिंतीवरच्या एकाही सहीशी जुळत नाही? नीट बघून सांगा.

ऑर्विल : एकाही नाही. पैज लावतो. अहो, हसताय काय?

डोरीन : पेन द्या जरा.

(ती एका कागदावर सही करून त्याच्यापुढे सरकवते.)

ऑर्विल : ही तर... हुबेहूब भिंतीवरची! कोण तुम्ही?

डोरीन : डोरीन पिंचाक. अर्लची मुलगी. चाहते टपालाने चेंडू पाठवायचे, त्यांच्यावर सह्या मी करायचे, स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून. पप्पा तळ्यावर मासे धरत असायचे. शाळा अर्ध्यात सुटलेली, पेन हातात घ्यायचं म्हटलं की घाम फुटायचा त्यांना. तुमचा तो ऐटदार ‘पी’ माझा आहे.

ऑर्विल : छान! आणि मी यावर विश्वास ठेवू? कोपऱ्यावरच्या दुकानदाराने पाठवलं ना तुम्हाला, माझा माल बदनाम करायला? अशी सही कुणीही घोटून शिकेल.

डोरीन : वरच्या फळीवर एक आठवा चेंडू आहे. ‘विकायचा नाही’ अशी पाटी लावलेला.

ऑर्विल : तो माझा आहे. लहानपणी मी स्वतः त्याच्याकडे सहीसाठी पाठवला होता. त्याला हात लावायचं काम नाही.

डोरीन : लांबूनच बोलते. त्याच्यावरचा तो लाल डाग चेरीच्या जॅमचा आहे.

ऑर्विल : ...हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

डोरीन : तुम्ही चेंडूसोबत बाटली पाठवली होती. खोक्यात फुटली.

ऑर्विल : फुटली? आईने केला होता तो जॅम. आम्ही मात्र समजत होतो, अर्ल पिंचाक रोज सकाळी पावाला लावून खात असेल.

डोरीन : काचा वेचून मी चेंडू साबणाने धुतला. दोनदा. डाग जाईना, तेव्हा रडले. कुणा पोराचा चेंडू आपण खराब केला, असं वाटलं. मग त्यातल्या त्यात स्वच्छ जागा शोधून सही केली.

ऑर्विल : म्हणजे त्याने तो पाहिलाही नाही.

डोरीन : नाही. वाईट वाटतं सांगताना. माझ्या चेंडूवर ‘डोरीनला, अर्ल पिंचाक’ असं अख्खं नाव आहे. पोरीला कुठला बाप असं लिहितो? वाटायचं, तेही कुणाकडून उरकून घेतलंय. विचारीन विचारीन म्हणता मागच्या महिन्यात ते गेले.

ऑर्विल : आणि मी त्यांना अडाणी म्हणालो.

डोरीन : तेच तर ऐकायचं होतं. माझा हात नाही, त्या म्हाताऱ्याचाही नाही. म्हणजे पप्पांनीच लिहिलं. घाम पुसत पुसत.

ऑर्विल : चेंडू सांभाळून न्या. थांबा, डबी देतो. भिंतीवरचे सातही आजच उतरवतो.

डोरीन : आणि तो वरचा?

ऑर्विल : तो राहू दे. त्याच्यासाठी कुणी रडलं होतं, हे मला कुठे माहीत होतं?