हिरव्या अक्षरांचा हिशेब

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर नवरा-बायको बसले होते. औषधाचे थेंब बायकोच्या डोळ्यांत घातले होते. चुळबुळ नवऱ्याची चालली होती.

"जरा एका जागी बस बघू."

"बसलोय की! आयता लेझर प्रोजेक्टर ऐंशी हजारांना होता गं. म्हणून म्हटलं, घरीच बनवावा."

"आणि घरी बनवून किती झाले?"

"सांगतो ना. लेझर तीस हजार, आरसे वीस, पुन्हा आरसे वीस, कारण पहिले माझ्याच हातून फुटले, शिवाय ते हलवणाऱ्या मोटारी…"

"एकूण सांग."

"पंच्याण्णव."

"वा! चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला."

"छंदाला मोल नसतं. आणि केलं कुणासाठी? भिंतीवर तुझंच नाव उमटणार होतं, हिरव्यागार अक्षरांत. आरसा मध्येच अडकेल आणि झोत थेट तुझ्या डोळ्यांत जाईल हे काय मला माहीत होतं?"

"मला नाव दिसलंच नाही रे. अजूनही जिकडे बघते तिकडे मधोमध काळा डागच दिसतोय."

"जाईल गं तो. डॉक्टर काय म्हणतात बघू. किती वेळ लावतायत हे लोक! विचारून येऊ का?"

"बस खाली. तू तेव्हा तो जाडा चष्मा लावला होतास ना, लेझर अडवणारा?"

"हो, त्यात मात्र काटकसर नाही केली. चांगला चार हजारांचा आहे."

"मग माझा कुठे होता?"

"तुझा… पुढच्या पगारावर घेणार होतो."