सगळ्या बॅचचं एकच अकाउंट

— नाही नाही, ते तसं नाहीये, तू आधी बस बघू. उभ्या उभ्या काय बोलायचं असल्या गोष्टी? ती खुर्ची नको, तिचा पाय हलतो, ही घे. पंखा लावू? बरं, राहू दे. हां, तर काय म्हणत होतीस — कंपनीचा मेसेज आला, की तुम्ही दाखवलेलं काम तुमचं नाही, सबब तुमचा अर्ज पुढे जाणार नाही. असंच ना? दाखव इकडे. चष्मा… हा काय, डोक्यावरच आहे. हं. हं. भाषा सभ्य आहे हो त्यांची. अगं, असं तोंड पाडून बसू नकोस, गैरसमज झालाय, दुसरं काही नाही — मोठ्या कंपन्यांत ढीगभर अर्ज येतात, नीट बघतं कोण? कुणाला तरी बसवलेलं असतं, तो वरवर चाळतो आणि देतो उडवून. तू दुसरीकडे अर्ज कर की! तुझ्यासारखीला नोकऱ्यांचा काय तोटा?

काय? नाव? हो, तिथे नाव माझंच दिसतंय, मी कुठे नाकारतोय? अगं, त्या गिटचं तंत्रच तसं आहे — आपण लिहिलेला प्रोग्राम ऑनलाइन वर चढवायचा, मग कुणी काय बदललं, कधी बदललं, सगळं नावानिशी तिथे दिसत राहतं, आणि ज्याच्या अकाउंटवरून चढवलं त्याचं नाव. आपल्या सगळ्या बॅचचं एकच अकाउंट होतं, माझं. यात लपवाछपवी कसली? पासवर्ड तर मी फळ्यावर लिहून ठेवला होता, खडूने, ठळक! कुणी पुसू नये म्हणून भोवती चौकट काढली होती. आता तूच सांग, तुम्हा प्रत्येकाचं वेगळं अकाउंट काढायचं म्हणजे प्रत्येकाचा ईमेल, मग त्यावर येणारा कोड, याचा फोन घरी राहिलाय, तिला ईमेलचा पासवर्डच आठवत नाही — अर्धा आठवडा त्या घोळातच गेला असता. म्हणून म्हटलं, शिरा सगळे माझ्याच अकाउंटमधून, एकदाची कटकट मिटली.

…हो. विचारलं होतंस तू. आठवतंय मला, न आठवायला काय झालं? ‘सर, मग आमचं नाव कुठे येणार?’ आणि मी काय म्हणालो — नावाचं काय घेऊन बसलीस, हात चालव. सगळे हसले. मीही हसलो. तू मात्र हसली नव्हतीस, मान खाली घालून परत कीबोर्डकडे वळलीस.

आता खरं सांगू का? कुणाला बोलू नकोस. एकाच कामात सगळ्यांना आपापल्या नावाने सामील करून घेता येतं, मुळात ते सगळं प्रकरण त्याच्यासाठीच केलेलं आहे, हे मला माहीतच नव्हतं गं. बॅच संपल्यावर कळलं. तोवर तुमचं सगळ्यांचं सगळं माझ्या नावावर. हस आता. हसत नाहीस? हसली असतीस तर बरं वाटलं असतं मला. ही खोली बघ — इथे आधी टाइपरायटर होते, त्यांचा खडखडाट पार कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचा. मग कॉम्प्युटरचं टायपिंग. मग ते हिशोबाचं सॉफ्टवेअर. बाहेरचा बोर्ड तोच, दर वेळी वरून रंग मारायचा आणि नवं नाव लिहायचं. यंदा काय लिहिलं? ‘ऑनलाइन कोडिंग व सहकार्य’! पेंटर म्हणाला, सर, सोसायटी काढताय का? मी म्हटलं, तू रंगव गुपचूप. आणि रोज सकाळी तुम्ही यायच्या आधी मी इथे बसून व्हिडिओ बघायचो, थांबवून थांबवून, आणि मग तेच तुम्हाला — जसं काही जन्मभर हेच करत आलोय. तुमच्यापेक्षा एक धडा पुढे होतो मी, बस्स, जास्त नाही. कुणी अडचणीचं विचारलं की म्हणायचो, ते आपण उद्या घेऊ.

पण तुझी गोष्ट पहिल्यापासून वेगळी होती. मी घरीसुद्धा सांगायचो, विचार हवं तर. बाकीचे आपले व्हिडिओतलं उतरवून काढायचे, पत्त्यांचा डाव नाहीतर तापमान दाखवणारं काहीतरी, आणि तू? वडिलांच्या बेकरीत उद्या किती पाव भाजायचे ते सांगणारा प्रोग्राम! शाळेला सुट्टी असली की किती कमी, पाऊस असला की किती, हॉस्पिटलच्या कँटीनचं वेगळं. डोकं चालतं बाई तुझं. आणि त्या गुरुवारचं तर साहेबांनासुद्धा इतकं आवडलं, म्हणाले, गुरुवार असा वेगळा का काढलाय —

…

काय? कुठले साहेब? मी साहेब म्हणालो?

…

आला होता. फोन आला होता सकाळी, त्या कंपनीतल्या साहेबांचा. झालं समाधान? नाही, थांब, उठू नकोस, सांगतो, सगळं सांगतो, आता तोंडून निघालंच आहे तर लपवून काय मिळणार? मी इथेच बसलो होतो. म्हणाले, एका उमेदवार मुलीने हे काम दाखवलंय, नाव मात्र सगळीकडे तुमचं आहे, तर नक्की कोणाचं? साधा प्रश्न. ‘तिचंच आहे हो’ — एवढंच म्हणायचं होतं, ओठावर आलं होतं माझ्या, शपथ घेतो. पण मी बोलायच्या आत ते म्हणाले, काम फार सुबक आहे, कुणातरी मुरलेल्या माणसाचा हात वाटतो. मुरलेला माणूस! अगं, मला असं कुणी म्हणून किती वर्षं झाली असतील? घरी मेव्हणे आले की विचारतात, चालतो का अजून तुमचा तो टाइपरायटरचा कारखाना? आणि इथे एक परका माणूस, भला शिकलेला, मला सर म्हणतोय, आणि कौतुक करतोय. हुरळलो मी. म्हटलं, क्लासमध्ये, माझ्या देखरेखीखाली… ते म्हणाले, म्हणजे तुमचंच. आणि मी गप्प — नाही, गप्प नाही बसलो. सांगायलाच बसलोय तर नीट सांगतो. ‘हो’ म्हणालो. चांगलं खणखणीत ‘हो’ म्हणालो.

मग त्यांनी गुरुवारचं काढलं. मला काय ठाऊक तुझा गुरुवार? म्हटलं, ते जरा टेक्निकल आहे. का गं, काय असतं गुरुवारी?… भट्टी साफ करतात? एवढंच?… हां, म्हणून बुधवारी जास्तीचे भाजून ठेवायचे. मला वाटलं काहीतरी मोठं गणित असेल.

अजून आहे. असं बघू नकोस माझ्याकडे, अजून आहे, ते जास्त वाईट आहे. त्यांनी विचारलं, मग ती मुलगी? आणि मी म्हणालो — अगदी सहज म्हणालो बघ, काही वाटलंसुद्धा नाही त्या क्षणी — म्हणालो, विद्यार्थिनी आहे, उत्साही आहे, उतरवून घेतलं असेल. हसलोसुद्धा वर. म्हटलं, तरुण आहे, सोडून द्या. मोठ्या मनाने माफ केलं मी तुला! तुझ्याच कामाबद्दल! थोबाडीत मार माझ्या, मार, मी हूं की चूं करणार नाही. आणि तो शर्ट बघ खुंटीला. निळा. उद्या मला बोलावलंय त्यांनी भेटायला, त्यांच्याकडे एक अनुभवी माणूस हवाय म्हणे. बायकोने उत्साहाने इस्त्री करून दिलाय, घरी चुरगळेल म्हणून इथे आणून टांगलाय. ती बिचारी सगळ्या नातेवाइकांना फोन करत सुटली असेल एव्हाना. मी जाणार होतो गं. तू आत्ता जिना चढून आली नसतीस तर उद्या मी तो शर्ट घालून तिथे गेलो असतो, आणि तुझी बेकरी माझी म्हणून सांगितली असती. लाज वाटते म्हणायचीसुद्धा लाज वाटते आता.

तू बोल ना काहीतरी. ओरड. हे बघ, मी तुला सर्टिफिकेट देतो, आत्ता देतो, सोनेरी किनारीचं, शिक्का मारून, त्यात स्पष्ट लिहितो की… नको? बरं, त्याचा काय उपयोग, खरंय. मग काय करू?… फोन? त्यांना? आत्ता?… अगं, ऑफिस सुटलं असेल. नाही सुटलं? मी उद्या सकाळी करतो ना, जरा नीट शब्द जुळवून, हे असं अचानक… आहे, नंबर आहे, सकाळचाच, सगळ्यात वर. दे इकडे, तू कशाला लावतेस, मला घोटभर पाणी तरी — अगं! वाजायला लागला…

हॅलो. हां, नमस्कार साहेब, मी क्लासमधून बोलतोय, सकाळी आपलं… हो हो, उद्याचं लक्षात आहे. नाही, त्यासाठी नाही. साहेब, ते काम माझं नाही. … बेकरीचं. … नाही, देखरेखही नव्हती. देखरेख करण्याइतकं मला येत नाही साहेब. सगळी मुलं माझ्या एकाच अकाउंटवरून काम करायची, मला दुसरी पद्धत माहीत नव्हती, म्हणून नाव माझं. काम तिचं आहे, पहिल्या ओळीपासून. … उतरवून घेतलं म्हणालो, तेही खोटं. मीच खोटं बोललो. … का म्हणजे? बरं वाटलं साहेब, तुम्ही चांगलं म्हणालात ते. … हो. समोरच बसलीये. … काय म्हणालात? … मग मी शिकवतो काय?

…

हो, आहे, ऐकतोय. … बरं. … बरं. सांगतो तिला. ठेवतो.

…

जागा भरली. दुपारीच. तुला मेसेज पाठवला आणि लगेच दुसऱ्याला कळवलं, तो हो म्हणाला, कागदपत्रंसुद्धा देऊन गेला. आता त्याला कसं काढणार, म्हणाले. आणि बरोबर आहे त्यांचं, त्या पोराने काय घोडं मारलंय? पुन्हा जागा निघाली की अर्ज कर म्हणाले, पण कधी निघेल ते त्यांनाही माहीत नाही. सकाळीच बोललो असतो मी… अगं, रडू नकोस. नाही, रड. रड तू, मी खिडकीकडे तोंड करतो.

निघालीस? थांब, खालपर्यंत येतो, जिन्यात अंधार — नको? बरं, नाही येत. वडिलांना काय सांगशील? त्यांनी दुकानात सगळ्यांना सांगून ठेवलं असेल, मुलीला नोकरी लागतेय म्हणून. खरं ते सांग. नशीब, गैरसमज, असलं काही सांगू नकोस. सरांनी माझं काम स्वतःचं म्हणून सांगितलं, असं सांग, माझं नाव घेऊन सांग. जा आता. दार उघडंच राहू दे, पुढची बॅच येईल.