मानाची पहिली गाडी

(नंदुरबारच्या मिरची बाजारातली संगणकाची खोली. खुर्चीत हेमकांत, मागे उभी त्याची वरिष्ठ चेतना. खिडकीबाहेर धानोऱ्याच्या मंगलाबाई.)

चेतना : म्हणजे कामाला चार प्रोग्रॅम ठेवले, आणि चौघेही एकाच ओळीवर धरणं धरून बसलेत. वा, हेमकांत!

हेमकांत : मॅडम, तपासून बघितलं होतं.

चेतना : किती गाड्यांवर?

हेमकांत : एका.

मंगलाबाई : ओ भाऊ, मन्हा फोन कव्हय वाजी? ओली मिरची शे, गोणीस्मा तपी ऱ्हायनी. सांजले काळी पडी, मंग तुन्हं कॉम्प्युटर इकत ली का?

हेमकांत : आत्तेच व्हई, काकू.

चेतना : कसं होईल? पहिल्या प्रोग्रॅमने गाड्यांच्या यादीतली पहिली ओळ घेतली, तिला कुलूप घातलं आणि शेतकऱ्याला फोन लावला, 'वजनकाट्यावर या, येत असाल तर एक दाबा.' तो एक दाबेपर्यंत कुलूप निघत नाही. बाकीचे तिघे मागच्या एवढ्या गाड्या सोडून त्याच कुलपाकडे बघत उभे. जसा काही मंत्री यायचाय.

हेमकांत : पहिली गाडी मानाची असते, मॅडम. ती काट्यावर चढल्याशिवाय दुसरीला कोणी हात लावत नाही. मी तसंच लिहिलं.

चेतना : आणि आजचे मानकरी कोण? नाव वाच.

हेमकांत : सुकलाल पाटील. धानोरा.

चेतना : तुझे वडील?

हेमकांत : पहिलाच दिवस होता. वाटलं, सुरुवात त्यांच्या गाडीने व्हावी.

चेतना : फार छान. पितृभक्तीपायी अख्खा बाजार उभा.

मंगलाबाई : सुकलालभाऊ? तो ते आठेच समोर चहानी टपरीवर बठेल शे. फोन वाजी वाजी गरम व्हई गया. उचलस नही.

हेमकांत : काब्र नही उचलस?

मंगलाबाई : तूच सांगेल शे ना त्याले! अनोळखी नंबर उचलू नका, बँकमधला पैसा जातस.

चेतना : आज्ञाधारक घराणं आहे. लिही आता. कुलूप असलेली ओळ दिसली की ओलांडून पुढची घ्यायची. घेतली की तशी खूण करायची, कुलूप काढायचं आणि मग फोन लावायचा. उचलला नाही, तर नाव मागे.

हेमकांत : मागे म्हणजे शेवटी?

चेतना : शेवटी. बाहेरच्या प्रत्येक गाडीवर कोणाचा ना कोणाचा बाप बसलाय, हेमकांत.

हेमकांत : ...केलं. चालू.

मंगलाबाई : ए, वाजना! मन्हा फोन वाजना! त्या पल्याडल्यासना बी वाजी ऱ्हायनात. जास मी.

हेमकांत : काकू, मन्हा आबा काही बोलनात का?

मंगलाबाई : काय बोली? सकायपाईन बठेल शे. मी सांगं, भाऊ, जराक इचारी ये. म्हने, कसाले? मन्हा पोऱ्यानं यंत्र शे, ते माले इसरनार नही.

हेमकांत : ...मॅडम, मी जरा टपरीवर जाऊन येतो.

चेतना : जा. आणि ज्यावरून फोन जातात तो आपला नंबर त्यांच्या फोनमध्ये टाकून ये.

हेमकांत : कोणत्या नावाने टाकू?

चेतना : तुझ्या.