कढईला मातीचा लेप

(अतिदक्षता विभागाबाहेरचा बाक. दुपारचे पावणेचार. चार वाजता नातेवाइकांपैकी एकालाच आत सोडतात.)

कडूबाई : पास माझ्याजवळच ऱ्हाऊ द्या.

रामकिसन : मी हिसकून घेतोय का? मी म्हणलो, आज सोनियाला जाऊ दे. तीन दिस झाले, खाली गाड्यांजवळ लिंबाखाली बसून हाय ती. बायको हाय इंद्रजीतची.

कडूबाई : आन् मी माय हाय.

रामकिसन : नाय कोण म्हणतंय?

कडूबाई : काल नाकातल्या नळीतून काय येत हुतं बघितलं मी. काळं. काळ्या मसाल्याच्या रश्श्यावानी. त्याला पित्त हाय, त्याला पित्त हाय, म्हणून माझी जीभ झिजली. पण तिचा डबा असा की वासानंच ठसका लागावा.

रामकिसन : पोराला टेम्पोनं उडवलं, कडू. डब्यानं नाय.

कडूबाई : टेम्पोनं पोटातली पाणथरी फुटली, ती काढून टाकली. आतलं रक्त थांबलं म्हणून डॉक्टरच म्हणले. मग दोन दिसांनी परत पोटातून काळं कशानं आलं?

रामकिसन : आता मी काय डॉक्टर हाय? ह्या बघ तनुजाबाई आल्या. बाई, जरा दोन मिंटं. हिच्या मनात एक शंका हाय, ती घरभर फिरायच्या आत मिटू द्या.

डॉ. तनुजा : बोला ना मावशी. सरका जरा, मीपण टेकते. सकाळपासून उभीच आहे.

कडूबाई : तिखट खाल्ल्यानं झालंय ना त्याच्या पोटात?

डॉ. तनुजा : नाही. तिखटाचा काही संबंध नाही. चितेगावहून आणलं तेव्हा त्यांचं ब्लडप्रेशर लागतच नव्हतं. निम्मं रक्त पोटाच्या पोकळीत सांडलेलं. अशा वेळी शरीर फार कठोर होतं. उरलंसुरलं रक्त मेंदूला आणि हृदयाला देतं. जठर, आतडी यांचा वाटा तोडतं.

कडूबाई : बरं, तोडला. मग?

डॉ. तनुजा : जठरात ॲसिड असतं. तुमच्या, माझ्या, सगळ्यांच्याच.

कडूबाई : बॅटरीत घालत्यात ते?

डॉ. तनुजा : तितकं नाही, पण जोरदार असतं. अन्न पचवतं. ते जठरालाच का पचवत नाही? तर आतून एक बुळबुळीत थर असतो. तो सारखा नवा होत राहतो. थोडं ॲसिड आत झिरपलंच, तर रक्त ते धुऊन नेतं. आता रक्तच येईना, तर थर करणार कोण आणि धुणार कोण? ॲसिड मात्र होतं तिथंच. त्यानं आतलं अस्तर खाल्लं. ॲसिड खाली आतड्यात उतरलं की तिथंही तेच करतं. तिथं त्याची धार मोडणारे रस असतात, पण त्यांनाही रक्त लागतंच ना.

रामकिसन : आन् काळं?

डॉ. तनुजा : ते त्यांचंच रक्त. ॲसिडमध्ये पडलं की काळपट होतं. मसाला नाही.

रामकिसन : ऐकलंस?

डॉ. तनुजा : ॲसिड कमी करायचं इंजेक्शन चालू आहे. आज सकाळपासून नळीतलं फिकं येतंय. पण खोटा धीर देणार नाही. अस्तर सोललं की आतड्यातले जंतू रक्तात शिरू शकतात. अजून दोन-तीन दिवस जपायचे आहेत.

रामकिसन : पांडुरंग सोबत हाय. आन् बाई, तुम्ही सांगितलं ते मला पार आतपत्तूर गेलं बघा. इंद्रजीतची माय, तुला त्यो सप्ता आठवतो का, काल्याच्या दिशी वावटळीनं मंडप पडला त्यो?

कडूबाई : आता सप्ता कुठून आला हितं?

रामकिसन : ऐक की. बुवा उभे, अभंग असा रंगात आल्याला, आन् मंडपच खाली आला. सैपाकाच्या भट्टीवरचे समदे गडी कीर्तनाकडं पळाले. पळायलाच पायजे हुतं. मानसं दबली हुती. पण हिकडं भट्टी पेटल्याली. कढईच्या बुडाला आपुन मातीचा लेप देतो का नाय? सुकला, तडकला की वला हात फिरवायचा. त्यो फिरवायला कुणी ऱ्हायलं नाय. लेप गळाला आन् जाळानं कढईचं बूड खाल्लं. जाळ रोजचाच. लाकूड कुणी जादा घातलं नाय.

डॉ. तनुजा : काका, उद्या विद्यार्थ्यांना हेच सांगते मी. तुम्ही कीर्तन करता का?

रामकिसन : नाय वो. मी टाळकरी. मागं उभा ऱ्हायचा मानूस.

डॉ. तनुजा : आणि मावशी, तिखटाचा प्रश्न तसाही येत नाही. ऑपरेशनच्या आधी नळी घातली तेव्हा जठर रिकामंच होतं. ते जेवलेलेच नव्हते. येते मी. बरोबर चारला दार उघडतील.

रामकिसन : जेवलेला नव्हता?

कडूबाई : बाईंनीच सांगितलं ना आता.

रामकिसन : जेवणाच्या सुट्टीत झालं समदं. मग डब्याचं काय झालं? कंपनीतल्या गोकुळनं टेम्पोजवळ पडल्याली त्याची पिशवी आणून दिली, त्यात डबा हुता. तूच घेतलास हातात.

कडूबाई : व्हय.

रामकिसन : रिकामा हुता म्हणलीस.

कडूबाई : मी वतला. नळाखाली. कुणी बघायच्या आत.

रामकिसन : भरल्याला?

कडूबाई : चार भाकरी, वांग्याची भाजी, कांदा. घास मोडलेला नव्हता.

रामकिसन : आन् तीन दिस त्या पोरीला म्हणतीस...

कडूबाई : त्याच पिशवीत माझा चष्मा हुता. त्याची दांडी तुटली हुती. सकाळी मीच दिला हुता त्याला. आजच आण म्हणलं, पोथी वाचता येईना. त्यो जेवायचं सोडून पैठण रोडवरच्या दुकानात गेला, आन् येताना... दांडी बसवल्याली हाय. काचेवर वरखाडा सुदिक नाय.

रामकिसन : (पिशवी जवळ ओढतो.)

कडूबाई : रक्त गेलं म्हणून पोट सोललं, असं बाई म्हणल्या. रक्त कशानं गेलं? टेम्पोनं. टेम्पोम्होरं कुणी धाडला? तुमची कढई वावटळीनं गेली. हितं वावटळ नव्हती, मी हुते. बोला की आता. टाळ नाय तर तोंड तरी वाजवा.

रामकिसन : काय बोलू? मायनं लेकाला चष्मा आणायला सांगितला. त्यात काय पाप हाय? लेकाला नाय सांगायचं तर कुणाला? पांडुरंगाम्होरं मी हे छाती काढून सांगंन.

कडूबाई : मग मी आतून काळी कशानं झाले?

रामकिसन : डबा वतलास त्यानं. चष्म्यानं नाय.

कडूबाई : सोनियानं मला उलटून एक शबूद काढला नाय, तीन दिसांत. काल म्हणली, आत्या, मी पुन्हा कधीच तिखट करायची नाय.

रामकिसन : लिंबाखाली बसून हेच घोळवत आसंल.

कडूबाई : किती वाजले?

रामकिसन : चाराला पाच कमी. आण, पास मी नेऊन देतो खाली.

कडूबाई : तुम्ही नका जाऊ. मीच जाते. हात धरा माझा, ह्या पायऱ्या नीट दिसंनात.

रामकिसन : चष्मा हाय की पिशवीत. तीन दिस झाले, तशीच चाचपडत फिरतीस.

कडूबाई : काढा मग. तिच्या तोंडाकडं बघूनच सांगावं लागंल.