बगळ्याची गोष्ट आणि न्हाणीघराच्या भिंती

मंडळी, ऐका. आज एकच सवाल घेऊन उभा आहे. पोरांना चिकाटी शिकवायची कशी? बोला की! छडीनं? खाऊ देऊन? हे पुढचे काका म्हणतायत, गोष्ट सांगून. बरोबर! सगळे हेच म्हणतात, कारण गोष्ट सांगायला बसल्या जागेवरून उठावं लागत नाही. मग ऐका, गोष्ट सांगणाऱ्याचं काय झालं ते.

पेवठाण नावाचं गाव. तिथं त्र्यंबक गुरुजी, चौथीपर्यंतच्या शाळेचे एकटेच मास्तर. त्यांच्या गोष्टीत मुंगी येवो, गोगलगाय येवो, राजकन्या येवो — हार म्हणून कुणी मानायचं नाही! पोरं तोंड उघडं टाकून ऐकायची. आणि गुरुजी स्वतः? कलमं लावली, पाणी घालायचं राहिलं. पेटी शिकायला घेतली, 'सा रे ग'पाशीच मुक्काम. हसू नका पेटीवाले, तुमच्याबद्दल नाही बोलत! आणि घरामागं न्हाणीघर बांधायला काढलं, त्याच्या दोन भिंती झाल्या. तीन वर्षं दोनच! उरलेल्या दोन बाजूंना बायकोचं, वेणूबाईंचं, जुनेर लुगडं टांगलेलं. वारा सुटला की बाईंनी एका हातानं तांब्या धरायचा आणि दुसऱ्या हातानं जुनेर.

एक दिवस वाऱ्यानं ते जुनेरही नेलं — थेट शेजाऱ्याच्या पेरूवर! वेणूबाई भांडल्या नाहीत. पिशवी भरली आणि टेकडीपलीकडच्या माहेरी निघाल्या. दारात एवढंच म्हणाल्या, "चार भिंती झाल्या की न्यायला या."

गुरुजींनी विटा आणल्या? छे! "येईल आपणहून," म्हणाले आणि लेकीचा अभ्यास घ्यायला बसले. लेक गोदी, नऊ वर्षांची. सतराच्या पाढ्यात 'सतरा चोक अडुसष्ट'पर्यंत आली आणि उठली. अर्ध्यात उठायचं कुणाकडून शिकली असेल? तुम्हीच ठरवा.

"बस खाली. गोष्ट सांगतो," गुरुजी म्हणाले. "एक तळं आटलं. सगळे पक्षी उडून गेले. एक बगळा तेवढा एका पायावर उभा राहिला. पाणी येईपर्यंत हलणार नाही म्हणाला. दमला की पाय बदलायचा, पण जागा सोडली नाही. शेवटी आलंच पाणी."

"तो उभा राहिला म्हणून आलं?"

"म्हणून तर."

झालं! सकाळी बघतात तर पोरगी अंगणात एका पायावर. "आई येईपर्यंत," म्हणाली.

गुरुजी हसले. दुपारपर्यंत हसू मावळलं. पोरगी जेवायला बसली, हात धुतला की पुन्हा बगळा. शाळेतही तशीच. दुसऱ्या दिवशी तिच्या मैत्रिणी, तिसऱ्या दिवशी अख्खी शाळा — बावीस पोरं, बावीस पाय! गुरुजी ओरडले, "खाली बसा सगळे." मागून आवाज आला, "गुरुजी, बगळा कुठं बसला होता?" गोष्ट तर ह्यांचीच!

संध्याकाळी गुरुजी लेकीच्या पोटऱ्यांना तेल चोळायला बसले. पोटऱ्या दगडासारख्या झालेल्या.

"दुखतंय ना गोदे?"

"दुखतंय."

"मग सोड की आता."

"आबा, तुम्ही सोडता म्हणून तर आई गेली."

मंडळी, पोर असं बोललं की बापानं बघावं कुठं? गुरुजी तेलाच्या वाटीकडं बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी रविवार. धोतर खोचलं, चिखल तुडवला, दिवसभरात तिसरी भिंत उभी केली आणि तसेच सासुरवाडीला पळाले! वेणूबाई तांदूळ पाखडत होत्या.

"चल घरी."

"किती झाल्या?"

"तीन."

"मास्तर आहात. चार म्हणजे किती ते मी सांगायचं का?" आणि सूप पुन्हा चालू.

आले परत. रोज शाळा सुटली की विटा. पण गडबडीत ओळंबा धरायचा राहिला. ओळंबा म्हणजे गवंडी दोरीला वजन बांधून भिंत सरळ आहे का बघतो, तो. शनिवारी शेवटची वीट ठेवली, दोन पावलं मागं सरले, "झालं एकदाचं," म्हणाले — आणि धडाम! चौथी भिंत आडवी!

गुरुजींनी थापी भिरकावली. आत जाऊन पांघरूण घ्यावं असं मनात आलं. पण अंगणात ती पोरगी उभी. तिनं भिंत पडताना बघितली, बापाकडं बघितलं, शांतपणे पाय बदलला आणि पुन्हा उभी राहिली. आबा ती भिंत परत घालतील याची तिला खात्रीच होती हो! गुरुजींना भरून आलं. एवढा विश्वास त्यांच्यावर कुणी टाकला नव्हता, त्यांनी स्वतःही नाही.

चिखलाच्या अंगानं टेकडी चढून गेले. "न्यायला नाही आलो," म्हणाले. "चौथी पडली. उद्या परत घालतो. एवढंच सांगायला आलो."

वेणूबाईंनी हातातलं काम ठेवलं. "पुरी झाल्यावर पडली?"

"पुरी झाल्यावर."

बाई उठल्या, पिशवी काढली. "बारा वर्षांच्या संसारात पडण्याइतकं पुरं झालेलं तुमचं हे पहिलंच काम. चला. ओळंबा मी धरते."

अंगणात आई दिसली तशी गोदी धावली. पण दहा दिवस एका पायाची सवय! दुसरा पाय काही ऐकेना, पोरगी सपशेल आपटली आणि रांगत जाऊन आईच्या पायांना बिलगली. वेणूबाईंनी तिला उचललं आणि मग गुरुजींकडं बघून पहिल्यांदा हसल्या.

तेव्हा मंडळी, पोरांना गोष्टी सांगा, जरूर सांगा. पण पोर गोष्टीतल्या बगळ्याकडं एकदा बघतं आणि सांगणाऱ्याकडं दहादा. तुमच्या घरी काय अर्धवट पडलंय ते मला सांगू नका. ते तुमच्या पोरांना पाठ आहे.

आणि अहो, खांबामागचे दोघं! आरती व्हायचीय अजून, आणि आत्ताच चपला शोधायला लागलात? तुमची पोरं इथं पुढं बसलीत, मान वळवून तुमच्याकडंच बघतायत. बसा खाली.