बकरीमागे आलेला राखणदार

अगं, हे सगळं सुरू झालं गेल्या महिन्यात एका सोमवारी सकाळी बरोबर आठ वाजता. कापूस वेचायला जायचं होतं आणि मी शेताच्या बांधावर, धुऱ्यावर रडत बसले होते. शेजारच्या तुरीत लांडगा दिसल्याची बोलवा होती, आणि निंबाखालच्या झोळीत माझं सहा महिन्यांचं लेकरू! त्याच्या राखणीसाठी आमच्या यांनी धनगराकडून वासराएवढा कुत्रा आणला होता. पण तो झोळीजवळ बसेल तर शपथ. उठायचा आणि थेट आमच्या बकरीपाशी जाऊन पडायचा.

सासूबाई म्हणाल्या, "मेंढरायत वाढला तो. त्याले तुह्या पोराचं काय घेणं?"

"मंग आणला कायले?" मी यांच्यावर ओरडले.

हे डोकं खाजवत म्हणाले, "मले काय मालूम, तो माणसायले मोजतच नाही!"

काय सुचलं कोण जाणे, मी बकरीच सोडून आणली आणि झोळीजवळ बांधली. कुत्रा मागोमाग आला. त्यानं झोळी हुंगली, बाळाचा बाहेर आलेला पाय चाटला आणि तिथंच आडवा झाला. आठ दिवसांनी बकरी चरायला सोडली, तर हा पठ्ठ्या जागचा हलला नाही.

आता मी निवांत वेचते. पण परवा माझा भाऊ बाळाला घ्यायला वाकला, तर यानं त्याचं धोतरच धरलं. मी बकरी आणली, भावानं तिला गोंजारलं, तेव्हा कुठं सोडलं.

तू मारेगावला चाललीच आहेस, तर माझ्या बाबांना एवढं सांग: नातवाला बघायला खुशाल या, पण आधी बकरीची पाठ खाजवा.