तोंडात उरलेला एकच शब्द

मी गडहिंग्लजकडची की. बापाची मिरचीची शेती, आई अर्धं कानडी बोलायची, आणि लगीन करून आले ती हितं कसबा बावड्यात. मालक साखर कारखान्यात बॉयलरवर. काय सांगू पावणं तुम्हाला, त्या आगीम्होरं उभं ऱ्हाऊन ह्यो माणूस अभंग रचायचा, घरला आलं की भाकरी खाता खाता मला म्हणून दाखवायचं, आणि मी म्हणायची, आधी गिळा, कालवण गार हुतंय.

पर गोड हुतं हां. एकादशीला देवळात म्हटलं की बाया पदर डोळ्याला लावायच्या. मग लोकं म्हाराज म्हणाय लागली, पाया पडाय लागली. मालक म्हणायचं, अरं बाबांनो, कसला म्हाराज, माझ्या अंगाला मळीचा वास हाय. पर कोण ऐकतंय!

गेल्या शिमग्याच्या वक्ताला भजन रंगात आलतं, आणि मालक एकदम गप. डोळं वर, टाळ हातातनं खाली. समदी वरडली, म्हाराजांची टाळी लागली, ब्रह्मानंदी टाळी, आणि भजनाला आणि जोर चढला की! मी म्हणतीया, अरं तोंड वाकडं झालंय, दवाखान्यात न्या, तर मलाच दटावलं, समाधी मोडू नगा म्हणून. नेलं ते सकाळी. डॉक्टर म्हणला, लकवा हाय, उशीर केलासा. आता रोज व्यायाम पायजे, बोलाय शिकवाय पायजे, तर सुधारतील.

कधी करायचा व्यायाम? दिवसभर दर्शनाची रांग. शिकवाय बाई आली, तर म्हाराजांच्या अंगाला हात लावू नगा म्हणं. थोरला पोरगा म्हणतोय, आई, लोकं भक्तीनं येत्यात, हाकलू कसं? डोळ्यातनं पाणी गळतंय ते आनंदाश्रू म्हणं. डोंबलाचं आनंदाश्रू!

आणि बघा, जल्मात ह्या माणसानं माझं नाव घेतलं न्हाय, नुसतं अगं, ऐकलंस का. आमच्यात घेतच न्हाईत. माझं नाव इठा. आता तोंडात तेवढाच शब्द उरलाय. तान लागली, कूस बदलायची झाली, लघवीला लागली, की जीव खाऊन हाक मारत्यात, इठा, इठा. आणि रांगेतली माणसं टाळ्या पिटत इठ्ठल इठ्ठल सुरू करत्यात. मला वाटच दीत न्हाईत. अरं, मला बोलवाय लागल्यात ते, म्हटलं, तर एक बाई हसली, आजी, देवाच्या नावावर हक्क सांगतीस व्हय?

काल पोचस्तवर अंथरूण वलं झालतं. मालकांनी लाजून भिताडाकडं तोंड केलं. रडलो दोघंबी.

पांडुरंगा, तुला हाका माराय समदा गाव हाय रं. मला ह्यो एकच हाय. ह्याची तेवढी मला ऐकू यू दे.